पद्मिनी, आई आणि आंबोलीचा उतार

३० ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला टॅक्सी म्हणून नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, ती त्या दिवशी संपली. संध्याकाळी आईचा फोन आला. एरवी आमचे फोन गोळ्या, विजेचं बिल आणि बाबांचे गुडघे यांच्यापलीकडे जात नसत. त्या दिवशी तिने यातलं काहीच काढलं नाही. म्हणाली, "डिसेंबरात पाच दिवस रजा काढ. आपली गाडी घेऊन आंबोलीला जायचंय. तो उतार मला एकदा दिवसाउजेडी बघायचाय."

गाडी आईची आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यात भेटणारा जो तो "वडिलांची का?" असं विचारतो. प्रीमियर पद्मिनी, १९७८ची, कुर्ल्याच्या कारखान्यातली, फिकट निळी. आईने ती १९८९ साली घेतली तेव्हाच अकरा वर्षांची झालेली होती. आई शिक्षण विस्तार अधिकारी होती. तालुकाभर शाळा तपासत फिरायचं काम. जिथे एसटी दिवसातून दोनदा जायची तिथेही पोचायचं आणि परत यायचं. बाबा गाडी चालवायला कधी शिकले नाहीत आणि त्यांना त्याचं कधी काही वाटलं नाही. ते डावीकडे बसून पेपर वाचत. मी आणि ताई मागे.

गेल्या वर्षी मी या गाडीला गिऱ्हाईक आणलं होतं. आईला न विचारता. तिचं वय ७१, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पेट्रोलमध्ये इथेनॉल यायला लागल्यापासून गाडीचे जुने रबरी पाइप चिरत चाललेले. माझ्या हिशेबाने सगळं बरोबर होतं. तो माणूस बॉनेट उघडून आत वाकला तशी आई उठून घरात गेली आणि तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. पुढे सव्वा महिना ती माझ्याशी बोलली नाही. मी फोन केला की बाबा उचलत आणि म्हणत, "ती कामात आहे." हळूहळू बोलणं सुरू झालं, पण त्या विषयाला आम्ही दोघांनीही हात लावला नव्हता.

म्हणून मी रजा टाकली. बाबा पाच दिवस ताईकडे राहायला गेले.

पहिला दिवस, बुधवार, १३ डिसेंबर

पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. मी पावणेपाचला खाली आलो तर आई आधीच टॉर्च घेऊन गाडीच्या भोवती फिरत होती. चारही चाकांपाशी वाकली, रिमच्या आतल्या बाजूला उजेड टाकला, मग उठली. लहानपणी दर रविवारी तिला हे करताना पाहिलेलं. मला वाटायचं चाकं पुसते.

गाडी तिनेच सुरू केली. चोक ओढला, ॲक्सिलरेटर दोनदा दाबून सोडला, मग स्टार्टर. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं. थंड इंजिन नुसतं घुमत असताना हेडलाइट पिवळट पडतात आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतो, कारण वीज बनवणारा डायनामो हळू फिरताना पुरेसा करंट देत नाही. ॲक्सिलरेटर जरा दाबला की दिवे डोळे उघडावेत तसे उजळतात. हे मी विसरून गेलो होतो.

या गाडीत पुढची बैठक सलग आहे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे मधे काही नाही. माझ्या गाडीत मधे केवढा तरी कठडा असतो, त्यात फोन, चार्जर, बाटल्या. इथे आईचा डावा कोपर प्रत्येक गिअरला माझ्या बाजूला येत होता. इतक्या जवळ आम्ही दोघं कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

निघतानाच तिने वाटणी केली. "चढ माझे, सपाट तुझं."

"आणि उतार?"

"उतारांचं नंतर बघू."

खंबाटकीला तेव्हा साताऱ्याकडे जाताना बोगदा मिळत नसे, घाट चढावा लागे. बोगदा येणाऱ्यांना. तर हा चढ आईचा. १०८९ सीसीचं इंजिन, ताकद चाळीसेक अश्वशक्तीची. समोर दोन ट्रक आणि मागून हॉर्न मारणाऱ्या नव्या गाड्या. आई तिसऱ्या गिअरमध्ये होती. मधेच म्हणाली, "ऐक."

मी म्हटलं, "काय?"

"ऐक ना."

मला इंजिनाचा आवाज येत होता, एवढंच. तिने दुसरा टाकला, आवाज चढला आणि गाडी हलकी झाली. "आत्ता कुंथत होतं. आता मोकळं झालं. फरक कळला?"

मला कळला नव्हता. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, मी नाही म्हटलं. तिने पुढच्या वळणावर मुद्दाम परत तिसरा टाकला, दोन-तीन सेकंद तसंच नेलं आणि पुन्हा दुसरा. असं तिने तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मला ऐकू आलं: खालच्या अंगाला एक जड, दबलेली धडधड, आणि गिअर बदलताच ती नाहीशी. मी "हां" म्हटलं. आईने माझ्याकडे पाहिलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

साताऱ्यानंतर स्टिअरिंग माझ्याकडे. कराडच्या अलीकडे हायवेच्या सहापदरीकरणाचं काम, वळणरस्ते, धूळ, आणि ट्रकांची रांग मुंगीच्या पावलाने चाललेली. दुपारचा एक. आधी गाडीने एक गचका दिला, मग दुसरा, मग खोकल्यासारखं करून बंद पडली. स्टार्टर मारला, इंजिन फिरतंय पण लागत नाही. मागच्या टेम्पोतल्या दोघांनी उतरून ढकलून बाजूला घ्यायला मदत केली.

मी फोन काढला, गाडी उचलून नेणाऱ्या कुणाचा तरी नंबर शोधायला. आईने बॉनेट उघडलं. "फोन ठेव. इकडे ये. इथे हात लाव, पण जपून."

इंजिनाच्या कुशीला पेट्रोलचा पंप असतो, जुने मेकॅनिक त्याला एसी पंप म्हणतात. तो विजेवर चालत नाही. इंजिनच त्याला हलवतं आणि तो मागच्या टाकीतून पेट्रोल खेचून कार्ब्युरेटरला देतो. हात ठेववत नव्हता इतका तापला होता. गाडी वेगात असली की वारा लागतो आणि भागतं. रांगेत अडकली की पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ पंपाला ढकलता येत नाही, मग टाकी भरलेली असूनही कार्ब्युरेटर कोरडा पडतो. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची वाफ आणखी लवकर धरते. आईने डिकीतून एक सुती फडकं काढलं, पाण्यात भिजवलं, पिळलं आणि पंपाला गुंडाळलं. फडक्यातून वाफ निघाली.

"आता वीस मिनिटं."

"मग?"

"मग काही नाही. थांबायचं."

रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या एका ठोकळ्यावर आम्ही बसलो. ट्रक जात होते, धूळ बसत होती. त्या वीस मिनिटांत करण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, म्हणूनच बहुधा मला ते बोलता आलं. मी म्हटलं, "आई, गिऱ्हाईक आणलं ते चुकलं माझं."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विकायला काढलीस त्याचा राग नव्हता रे. त्याने तुला विचारलं, कार्ब्युरेटर बदललाय का. तू म्हणालास, 'असेल.' क्लचप्लेट कधी टाकली, तर म्हणालास, 'बघावं लागेल.' चाळीस वर्षांचा होत आलास. मागच्या सीटवर वाढलास. विकणाऱ्याला निदान माहीत असावं आपण काय विकतोय ते."

मला उत्तर सुचलं नाही. तिने उठून फडकं पुन्हा भिजवलं, आणि या वेळी पंपाला गुंडाळायला माझ्या हातात दिलं.

वीस नव्हे, पंचवीस मिनिटं लागली. कोल्हापूरला पोचेस्तोवर दिवेलागण झाली होती. खोलीवर गेल्यावर मी वहीत लिहून ठेवलं: कार्ब्युरेटर २००६, क्लचप्लेट २०१५. विचारून लिहिलं.

दुसरा दिवस, गुरुवार

कोल्हापूर, कागल, निपाणी, मग हायवे सोडून उत्तूर, आजरा. रस्ता शांत झाला तशी गाडीही शांत झाली. पंचावन्न-साठचा वेग तिला मानवतो. त्याच्या वर नेली की दारं आणि काचा बोलायला लागतात.

आजऱ्याच्या पुढे एके ठिकाणी सावलीत थांबलो होतो. स्कूटरवरून चाललेले एक वयस्कर गृहस्थ वळून परत आले. त्यांनी विचारलं, "व्हिंटेजमध्ये नोंदवली नाही अजून?" आई म्हणाली, "पन्नास व्हायला पाच वर्षं आहेत. झाली तरी नोंदवणार नाही." त्यांना कारण हवं होतं, आणि आईला ते सांगायची हौसच होती. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. मान मोठा. पण मग ती रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल, एवढ्यापुरतीच. "म्हणजे मला तिच्यातून कुठे जायचं असेल तर जाता येणार नाही. मग ती गाडी कसली, ते कपाट झालं." त्यापेक्षा दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नूतनीकरण करून घ्यायचं, हे तिचं पक्कं आहे. पंधरा वर्षं उलटली तेव्हापासून ती ते करते आहे. मला वाटतं तिचं बरोबर आहे. जपणं आणि ठेवून देणं यांत फरक आहे, आणि तो मला तिचं बोलणं ऐकताना पहिल्यांदा समजला.

आंबोलीला दुपारीच पोचलो. समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटरवर. हिरण्यकेशी इथेच उगम पावते. पावसाळ्यात इथे उभं राहता येत नाही इतकी गर्दी असते म्हणे. डिसेंबरात रस्ता मोकळा होता. जरा टेकलो न टेकलो तोच आई म्हणाली, "चल. उजेड आहे तोवर तुला एक शिकवते."

पठारावरच्या एका रिकाम्या रस्त्यावर तिने मला चालकाच्या जागी बसवलं. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरांचे वेग आपोआप जुळवणारी सोय, नाही. गाडी पूर्ण उभी असेल तर पहिला सहज पडतो, पण चालत्या गाडीत टाकायला गेलं तर दात दातांवर आपटतात आणि करकर आवाज येतो. त्यावर उपाय डबल क्लच. क्लच दाबायचा, न्यूट्रल करायचं, क्लच सोडायचा, ॲक्सिलरेटरला एक टोला देऊन इंजिनाचा वेग वाढवायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग पहिला. सगळं एका श्वासात. दोन वेग जुळले तर दांडा लोण्यातून सुरी जावी तसा जातो.

पहिल्या दहा वेळा करकर झाली. प्रत्येक करकरीला मी आईकडे बघत होतो, की हिच्या गाडीचे दात मी झिजवतोय. ती समोर बघत म्हणत होती, "परत." टोला जास्त झाला तर "कमी." कमी पडला तर "घाबरतोस कशाला, दे." तिचा आवाज मला ओळखीचा वाटला आणि जरा वेळाने लक्षात आलं कुठला: ती वर्गात असाच बोलायची. एकदा तिच्याबरोबर एका शाळेत गेलो होतो. तिथल्या एका मुलाला भागाकार येत नव्हता, आणि तपासणी बाजूला ठेवून ती त्याच्याशेजारी जमिनीवर बसली होती. मला तेव्हा त्या मुलाचा हेवा वाटला होता. आमचा अभ्यास बाबा घेत. आई घरी यायची तेव्हा दमलेली असायची.

अंधार पडायच्या आत एकदा जमलं. आवाजच झाला नाही. मी तिला म्हटलं, "झालं?" ती म्हणाली, "आवाज आला नाही ना? म्हणजे झालं. परत."

तिसरा दिवस, शुक्रवार

सकाळी धुकं होतं. आई म्हणाली, ते उठेपर्यंत थांबू. नऊच्या सुमारास दरी दिसायला लागली. मी चावी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही आणि डावीकडचं दार उघडून बसली. माझ्या आठवणीत आई या गाडीत कधी डावीकडे बसलेली नाही.

"उतार तुझा. आणि एक कर. ब्रेक नाहीतच असं समज."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय ब्रेकवर ठेवायचाच नाही. लागला तर आहे तो, पण तू तो नाही असं धरून चल."

चढताना जो गिअर लागेल तोच उतरताना, हे सगळे सांगतात. सांगणं वेगळं आणि सगळं लक्ष दरीकडे असताना ते करणं वेगळं. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांब उतारावर पाय दाबून ठेवला तर ड्रम तापतात, लायनिंगचा जळका वास येतो आणि ब्रेकची पकड उतरत जाते. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. खंबाटकीला ऐकलेला आवाज आता उलटा ऐकू येत होता, वर चढणारा, गुणगुणणारा. वळण जवळ आलं आणि आवाज फार चढला की आई नुसतं म्हणे, "ऐक." दोन ठिकाणी पहिला टाकावा लागला. एकदा करकरला, एकदा नाही. धबधबा गेला, तो डिसेंबरात बारीकसा होता. पलीकडून येणाऱ्या एसटीला जागा देताना एकदा मात्र पाय ब्रेकवर गेलाच. ती काही बोलली नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती, दरीकडे नाही, रस्त्याच्या आतल्या बाजूच्या कड्याकडे. प्रत्येक वळणाला मान वळवून बघत होती.

घाट संपला, दाणोली आली. आई म्हणाली, "थांब जरा इथे." रस्त्याकडेला गाडी घेतली. ती उतरली, चार पावलं पुढे गेली, एका जागी उभी राहिली आणि म्हणाली, "साधारण इथे."

मग तिने सांगितलं.

१९९४चा मे. आम्ही वेंगुर्ल्याला चाललो होतो. बाबा आणि ताई दोन दिवसांनी एसटीने येणार होते. आजऱ्याकडच्या कामात तिला उशीर झाला आणि आंबोलीला पोचेपर्यंत रात्र झाली. मी दहा वर्षांचा, मागच्या सीटवर झोपलेलो. घाट सुरू होऊन थोडं खाली आल्यावर ब्रेकचं पेडल थेट तळाला गेलं. दोनदा, तीनदा मारलं, काही नाही. मागच्या एका व्हील सिलिंडरचं, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरचं, रबर फाटून ब्रेक ऑइल गळून गेलं होतं. आणि या गाडीत चारही चाकांचे ब्रेक एकाच लाइनीवर आहेत. एका ठिकाणी गळती झाली की चारही जातात.

"तिसऱ्यात होते. दुसरा टाकला. तरी धावत होती. हँडब्रेक थोडा ओढायचा, सोडायचा, परत ओढायचा. मग डबल क्लचने पहिला टाकला. एका फटक्यात बसला, करकर नाही की काही नाही. नसता बसला तर कड्याला घासायची असं ठरवलं होतं. कुठे घासता येईल तेच बघत होते दिव्यांत. आज बघितलं, दोन ठिकाणी घासताच आलं नसतं. तिथे नुसती चर होती."

"मला उठवलं का नाहीस?"

"उठवून काय करणार होतास? तू मधे एकदा झोपेत विचारलंस, 'आलं का?' मी म्हटलं, 'आलंच.'"

मला ते आठवत होतं. म्हणजे 'आलंच' हा शब्द आठवत होता, आणि त्यानंतर जाग आली तेव्हा गाडी उभी होती, बाहेर एक दिवा होता, आणि आई रस्त्याकडेला जमिनीवर बसलेली होती. मी काचेतून पाहिलं आणि मला वाटलं, दमली. मी परत झोपलो. एकोणतीस वर्षं माझ्या डोक्यात ते चित्र आहे आणि त्याचा अर्थ मला माहीत नव्हता.

"बाबांना?"

"नाही सांगितलं. सांगितलं असतं तर गाडी गेली असती. गाडी गेली असती तर फिरती गेली असती, मग मला टेबलावर बसवलं असतं." तिने गाडीकडे पाहिलं. "दुसऱ्या दिवशी सावंतवाडीहून माणूस आणला, किट बदललं. त्यानंतर दर रविवारी चाकं बघायला लागले."

रिमच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर सिलिंडर गळतोय. ती चाकं पुसत नव्हती.

मी तिचा हात धरला. आमच्यात तशी सवय नाही. तिने काढून घेतला नाही, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "चल, ऊन वाढतंय, पंप तापेल."

वेंगुर्ल्याला दुपारभर ती झोपली. संध्याकाळी समुद्रावर गेलो. वारा बराच होता, बोलणं कमी झालं. मला बरं वाटलं.

चौथा दिवस, शनिवार

सकाळी गाडी सुरू होईना. रात्रभर खारी, ओली हवा आणि गाडी उघड्यावर. स्टार्टर फिरतोय, इंजिन एकदाही पकडत नाही. आईने चष्मा पुसला, गाडीपासून दोन पावलं मागे उभी राहिली आणि हाताची घडी घातली. म्हणजे ही परीक्षा होती, आणि मला ती द्यायची होती.

मी मोठ्याने विचार केला. पेट्रोल आहे का? कार्ब्युरेटरचा पाइप सैल करून बघितला, आहे. मग करंट. एक प्लग काढला, वायरीला लावून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि आईला स्टार्टर मारायला सांगितला. ठिणगी आली ती मेलेली, पिवळसर. मग डेल्कोची, म्हणजे चारही प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची, टोपी काढली. आतून दव धरलं होतं, बोट फिरवलं तर ओलं लागलं. कोरड्या फडक्याने टोपी पुसली, चारही वायरींची टोकं पुसली, रोटर पुसला. ठिणगीसाठी करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सीबी पॉइंटवर राखाडी थर होता. आईने न मागता पॉलिशपेपरचा तुकडा पुढे केला, एवढीच मदत. तो दोन पॉइंटांमध्ये धरून हलकेच दोन-तीनदा ओढला आणि पॉइंट चकाकले. टोपी बसवली, क्लिपा लावल्या.

पहिल्याच स्टार्टरला इंजिन लागलं. आई काही बोलली नाही. ती जाऊन डावीकडे बसली.

कुडाळ, कणकवली, मग फोंडाघाट. चढ. मी तिच्याकडे पाहिलं, करार तिचाच होता. ती म्हणाली, "चालू दे."

घाटाच्या मधोमध एका उभ्या वळणावर पुढचा ट्रक जवळजवळ थांबला. दुसऱ्यात इंजिन कुंथायला लागलं. तो आवाज मला आधी ऐकू आला, तिने 'ऐक' म्हणायच्या आधी. थांबलो असतो तर त्या चढावर परत उचलणं अवघड होतं. क्लच, न्यूट्रल, क्लच, टोला, क्लच, पहिला. आवाज नाही. ट्रकच्या मागे मागे गाडी चढत राहिली.

वर दाजीपूरचं जंगल लागलं. दोन्ही बाजूंनी झाडी, रस्त्यावर सावली. गव्यांच्या वाटेवर नजर ठेवून मी सावकाश चालवत होतो, तेवढ्यात पाहिलं तर आई झोपली होती. मान खिडकीकडे, हात मांडीवर. आई गाडीत झोपते हे मी जन्मात पाहिलं नव्हतं. मी हॉर्न वाजवायचा टाळत होतो, खड्डे चुकवत होतो. राधानगरीचं पाणी झाडांतून दिसायला लागलं तरी तिला उठवलं नाही. रस्ता सपाट झाला. डोळे न उघडता ती म्हणाली, "तिसऱ्यात किती वेळ चालवतोस? चौथा टाक."

मी चौथा टाकला.

पाचवा दिवस, रविवार, १७ डिसेंबर

कोल्हापूरहून पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत कराड ओलांडायचं म्हणून. फडकं आधीच भिजवून डबीत ठेवलं होतं, लागलं नाही. परत येताना खंबाटकीला बोगदा मिळाला. पिवळ्या उजेडात आमच्याच इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येत होता. दोघंही तो ऐकत होतो.

घरी पोचलो. बाबा संध्याकाळी येणार होते. मी सामान काढलं, डिकी लावली. आईने टॉर्च आणली, म्हणाली रविवार आहे. एक टॉर्च तिच्याकडे, एक माझ्या फोनचा. ती उजवीकडच्या चाकांपाशी गेली, मी डावीकडच्या. मागच्या चाकाजवळ गुडघे टेकले, रिमच्या आतल्या बाजूला उजेड टाकला, बोट फिरवून बघितलं. धूळ होती, कोकणातली तांबडी.

गाडीच्या पलीकडून तिने विचारलं, "काय आहे?"

"कोरडं."

"पुढचं बघ."